मॉरिशसची वीज आणि फिरतं लोखंड

"मॉरिशसला बारा महिने ऊन, मग तिथे कोळसा जाळतात कशाला? छपराछपरावर पॅनेल टाका, प्रश्न मिटला!" सौरऊर्जेचा विषय निघाला की असं हमखास कुणीतरी म्हणतं. ऊन आहे, पॅनेलही स्वस्त झाली आहेत. पण बेटावरच्या ग्रिडची, म्हणजे वीजकेंद्रं आणि घरं जोडणाऱ्या तारांच्या जाळ्याची, परीक्षा होते ती बिघाडानंतरच्या पहिल्या दोन-तीन सेकंदांत.

मॉरिशसची कमाल मागणी साधारण 500 मेगावॅट, म्हणजे आपल्या कोयना प्रकल्पाच्या क्षमतेच्या पाव. बेटाची सुमारे 80 टक्के वीज आयात केलेल्या जड तेलावर आणि कोळशावर तयार होते. 2030 पर्यंत कोळसा बंद आणि 60 टक्के वीज अक्षय स्रोतांतून, असं उद्दिष्ट सरकारने 2021 मध्ये जाहीर केलं.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. टर्बाइनला जोडलेल्या जनित्रात काही टनांचं लोखंड फिरत असतं. दोन ध्रुवांचं जनित्र मिनिटाला 3000 फेरे घेतं, म्हणजे सेकंदाला 50. घरातल्या विजेची 50 हर्ट्झ वारंवारता ती हीच. ग्रिडवरची अशी सगळी जनित्रं एका तालात बांधलेली असतात. समजा, 35 मेगावॅटचा एक संच अचानक बंद पडला. मागणी तर तेवढीच आहे, मग तूट त्या क्षणी कोण भरून काढतं? उरलेल्या जनित्रांचं फिरणं. कुंभाराच्या फिरत्या चाकावर हात टेकला की ते लगेच थांबत नाही, वेग थोडा उतरतो, तसंच. वाफेची झडप जास्त उघडेपर्यंतचा वेळ हे जडत्व मिळवून देतं.

वारंवारता किती वेगाने घसरेल, याचं गणित सोपं आहे. तुटीला 50 ने गुणायचं, मग चालू संचांची क्षमता आणि जडत्व-स्थिरांक यांच्या गुणाकाराच्या दुपटीने भागायचं. इंधन बंद झाल्यावर नुसत्या फिरण्याच्या ऊर्जेवर जनित्र पूर्ण क्षमतेने किती सेकंद वीज देऊ शकेल, तो हा स्थिरांक. तो 4 धरू. 450 मेगावॅटचे संच चालू असताना 35 ची तूट आली, तर वारंवारता सेकंदाला जवळपास अर्धा हर्ट्झ घसरू लागते. भारताच्या ग्रिडवर 2 लाख मेगावॅट चालू असताना हीच तूट सेकंदाला एक सहस्रांश हर्ट्झ! मॉरिशसला शेजारच्या ग्रिडचा आधार नाही. पॅनेलची वीज इन्व्हर्टरमधून येते, तिथे फिरणारं काहीच नाही. निम्मी वीज सौर झाली की जडत्व निम्मं आणि घसरण दुप्पट. म्हणून क्षणार्धात वीज सोडणाऱ्या बॅटऱ्या सौरऊर्जेच्या जोडीला हव्यातच.

जडचक्र, म्हणजे जड फिरतं चाक (फ्लायव्हील), फिरवून "फुकट वीज" काढणाऱ्या यंत्रांचे व्हिडिओ व्हॉट्सॲपवर फिरतात. ती शुद्ध फसवणूक आहे. चाकात आपण घातलेली ऊर्जाच साठते, आणि परत मिळते ती घर्षणात गेलेली वजा करून. अशा यंत्राला एक रुपयाही देऊ नका.

मॉरिशसकडे फिरतं लोखंडही आहे आणि घरचं इंधनही: उसाचं चिपाड. भारतातून करारावर गेलेल्या मजुरांनी, त्यांत मराठी माणसंही होती, ज्या उसाच्या मळ्यांत घाम गाळला, त्याच उसाचं. एक टन उसातून साधारण 300 किलो चिपाड निघतं. पूर्वी कारखाने ते कमी दाबाच्या बॉयलरमध्ये कसंबसं संपवत. 2000 मध्ये सुरू झालेल्या बेल व्ह्यू केंद्रात बॉयलरचा दाब 82 बार, म्हणजे हवेच्या दाबाच्या ऐंशीएक पट, आहे. वाफ जितक्या जास्त दाबाची आणि तापलेली, तितकं टर्बाइनमधून जास्त काम निघतं, आणि टनभर उसामागे ग्रिडला शंभराच्या आसपास युनिट देता येतात.

पण गळीत हंगाम साधारण जून ते डिसेंबर. पुढे त्याच बॉयलरमध्ये कोळसा पडतो. त्यामुळे कोळसा बंद करताना ही केंद्रंच मोडीत काढली, तर चिपाडाची वीजही जाईल आणि जडत्वही. शेजारच्या रियुनियन बेटावर बुआ-रूज केंद्राने कोळशाऐवजी लाकडाच्या गोळ्या घेतल्या. टर्बाइन तीच राहिली, पण गोळ्याही जहाजानेच येतात, म्हणून हा उपाय मला अर्धाच वाटतो. दुसरा मार्ग जास्त पटतो: हंगाम संपला की जनित्र टर्बाइनपासून सोडवायचं आणि ग्रिडच्याच थोड्या विजेवर रिकामं फिरत ठेवायचं, म्हणजे कोळशाशिवायही त्याचं जडत्व ग्रिडला मिळत राहतं. त्यासाठी मध्ये क्लच बसवावा लागतो. असे क्लच जगात अनेक वीजकेंद्रांत चालू आहेत. बेल व्ह्यूसारख्या केंद्रांत ते बसवता येतील का, हे आधी तपासावं, कोळशाच्या भट्ट्या त्यानंतर विझवाव्यात.