पांढरा दगड दिसला की गारगोटी?

कोल्हापूर जिल्ह्यात बहुतेक ठिकाणी विहीर पाडायला घेतली की काळा पाषाण लागतो. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेला हा लाव्हा थिजला, तेव्हा आत अडकलेल्या वायूच्या बुडबुड्यांच्या जागा पोकळ राहिल्या. पुढं त्यांत पाणी झिरपत राहिलं आणि स्फटिक धरले. सुरुंगानंतरच्या ढिगाऱ्यात ते चमकताना दिसतात आणि आपण सरसकट सगळ्यांना गारगोटी म्हणून मोकळे होतो.

त्यांतले तीन तरी वेगळे निघतात: क्वार्ट्झ (हीच खरी गारगोटी), कॅल्साइट आणि स्टिल्बाइट. तिन्ही पांढरे असू शकतात, त्यामुळं रंगावर जाण्यात अर्थ नाही. खिशातला चाकू जास्त कामाचा.

ताज्या फुटलेल्या बाजूवर पात्याचं टोक दाबून ओढा आणि मग बोटानं पुसा. रेघ पुसली गेली तर ती पात्याचंच लोखंड होतं, दगडाला काही झालेलं नाही. असं झालं तर तो बहुधा क्वार्ट्झ. फ्रीडरिख मोस यांनी 1812 मध्ये मांडलेल्या काठिण्याच्या श्रेणीत शंखजिरे 1, कॅल्साइट 3, क्वार्ट्झ 7 आणि हिरा 10. हे आकडे म्हणजे नुसता क्रम. 9 आणि 10 मधलं खरं अंतर 1 ते 9 च्या अंतराहून मोठं आहे.

चरा पडला, तर कॅल्साइट की स्टिल्बाइट? थोडी पूड करून तिच्यावर लिंबू पिळा. बुडबुडे आले तर कॅल्साइट. तो फोडला की प्रत्येक तुकड्याला तिरप्या चौकोनी बाजू येतात, आणि पारदर्शक तुकडा वर्तमानपत्रावर ठेवला तर एक ओळ दोनदा दिसते. क्वार्ट्झ असा सरळ पातळीत फुटत नाही, काचेसारखा वेडावाकडा तडकतो. स्टिल्बाइटचे स्फटिक मध्ये बांधलेल्या पेंढीसारखे दोन्ही टोकांना फुलारलेले असतात आणि मोत्यासारखे झळकतात.

काळपट, जड खनिजांसाठी कोल्हापूरच्या गुजरी या सराफ बाजारातल्या सराफांची रीत घ्यावी. कसोटीच्या दगडावर सोनं घासून ते रेघेचा रंग बघतात, वस्तूचा नाही. आपल्याला चिनी मातीच्या टाइलची बिनझिलईची बाजू चालते. पोलादासारखा दिसणारा हेमॅटाइट तिच्यावर तांबूस रेघ सोडतो, मॅग्नेटाइट काळी (तो लोहचुंबकालाही चिकटतो). सोन्यासारखा चकाकणारा पायराइट हिरवट काळी रेघ ओढून स्वतःच उघडा पडतो.

राधानगरी-शाहूवाडीच्या सड्यांवरच्या (डोंगरांच्या सपाट खडकाळ माथ्यांवरच्या) बॉक्साइटपुढं मात्र ही सगळी हत्यारं बोथट होतात. तो एक खनिज नव्हेच. ॲल्युमिनियमची दोन-तीन खनिजं, लोहाची ऑक्साइडं आणि माती यांचा तो खडक. एकाच ढेकळात इथं नख रुततं, तिथं चाकू घसरतो. त्यात नेमकं काय आणि किती, हे प्रयोगशाळेत क्ष-किरणांनीच कळतं.