कायसेरी: चार हजार वर्षं धंदा करत आलेलं शहर

तुर्कस्तानातल्या कपाडोकियाचे बलून बघायला जाणारे आपले बरेच लोक कायसेरीच्या एअरपोर्टवर उतरतात, बॅगा उचलतात आणि थेट गोरेमेची, म्हणजे बलूनवाल्या गावाची, गाडी पकडतात, शहराकडे ढुंकूनही बघत नाहीत. मला विचाराल तर हे चुकतं, कारण व्यापाराचं इतकं जुनं आणि इतकं सविस्तर दप्तर जगात फार कमी ठिकाणी सापडलंय.

शहर आहे ३,९१७ मीटर उंच एर्जियेस या जुन्या ज्वालामुखीच्या पायथ्याशी. तिथून साधारण २० किमीवर कुलतेपे नावाचं टेकाड आहे, तेच जुनं कानेश शहर. १९व्या शतकाच्या शेवटी बाजारात मातीच्या कोरलेल्या पाट्या यायला लागल्या, संशोधक आले, टेकाड उकरलं, पण पाट्या काही मिळेनात, आणि ज्यांना जागा माहीत होती ते गावकरी कशाला सांगतील! शेवटी १९२५ मध्ये चेक संशोधक बेद्रिख ह्रोज्नीला सुगावा लागला की माल टेकाडातून नाही, शेजारच्या शेतातून निघतोय. तिथे टेकाडाच्या पायथ्याशी व्यापाऱ्यांची अख्खी वस्ती गाडली गेली होती. १९४८ पासून तहसीन ओझगुच यांनी तिथे पन्नासहून जास्त वर्षं उत्खनन केलं आणि आजवर २३,००० च्या आसपास पाट्या निघाल्यात.

हे व्यापारी होते अश्शूरचे, म्हणजे आजच्या इराकमधले, काळ इ.स.पू. १९ वं शतक. गाढवांवर कथील आणि कापड लादून ते सुमारे १,००० किमी चालत यायचे, त्याला सहाएक आठवडे लागायचे. कथीलच का? तर तांबं अनातोलियात, म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या आशियातल्या भागात, भरपूर, पण त्यात दहा टक्क्यांच्या आसपास कथील मिसळल्याशिवाय चांगलं कांसं होत नाही, आणि कथील यायचं लांब पूर्वेकडून. कानेशला ते दुप्पट भावाने जायचं, कापडाला त्याहून जास्त फायदा. स्थानिक राजा टॅक्स घ्यायचा आणि बदल्यात रस्त्यावर संरक्षण द्यायचा. भांडवल उभं करायची पद्धत तर आपल्या पेढीवाल्यांना लगेच पटेल, बरेच जण मिळून एका व्यापाऱ्याकडे सोनं गुंतवायचे, तेही दहा-बारा वर्षांसाठी. टॅक्स चुकवायला आडवाटही होती, पुशु-केन नावाचा बडा व्यापारी स्मगलिंगच्या मालापायी तुरुंगात गेल्याचं एका पत्रात आहे. त्याची बायको लमस्सी तिकडे अश्शूरमध्ये बसून कापडाचा कारभार बघायची आणि पैशांवरून नवऱ्याला खडसावायची पण.

पुढे वस्ती आगीत जळाली, पण घरं कोसळली आणि दप्तरं ढिगाऱ्याखाली झाकली गेली म्हणून आपल्यापर्यंत पोचली.

पण हे सगळं नक्की कोणत्या साली घडलं? अश्शूरचे लोक वर्षाला आकडा नाही, एका अधिकाऱ्याचं नाव द्यायचे. त्या नावांच्या याद्या आहेत, पण यादी आपल्या कॅलेंडरवर कुठे बसवायची यावर अभ्यासकांची वर्षानुवर्षं भांडणं. मग कामाला आली लाकडं. कानेशच्या वर्शमा राजाच्या राजवाड्याच्या तुळयांमधली झाडाची वर्तुळं मोजली, त्याच वर्तुळांचं वय सांगणारं रेडिओकार्बन तपासलं, आणि २०१६ मध्ये आलेल्या निष्कर्षांनी मेसोपोटेमियाच्या, म्हणजे जुन्या इराकच्या, कालगणनेतला मधला पर्याय सोडून बाकीचे जवळजवळ बादच केले. अर्थशास्त्रज्ञांनीही हातभार लावला. सुमारे १२,००० पाट्यांमधून कोणत्या गावाचा कोणाशी किती व्यवहार होता ते काढलं आणि त्यावरून हरवलेली गावं नकाशावर कुठे असतील याचा हिशोब मांडला. जवळच्या गावांत व्यापार जास्त, लांबच्यांत कमी, बस एवढंच तत्त्व!

याच पाट्यांमध्ये हित्ती या अनातोलियातल्या प्राचीन भाषेतली नावं आणि काही शब्द आहेत, म्हणजे मराठी ज्या इंडो-युरोपियन कुटुंबातली, त्याचा सगळ्यात जुना लेखी पुरावा.

कानेश ओस पडलं, पण वस्ती एर्जियेसला चिकटूनच राहिली. आधी मझाका, कपाडोकियाच्या राजांची राजधानी, मग रोमन सम्राट ऑगस्टसच्या मानाने कैसरिया, आणि त्याचंच पुढे कायसेरी. सेल्जुक या तुर्की घराण्याच्या काळात १२०६ च्या सुमारास राजकन्या गेव्हेर नेसिबेच्या नावाने इथे हॉस्पिटल आणि शेजारी वैद्यकीय शिक्षणाचा मदरसा उभा राहिला. १२४३ मध्ये मंगोलांनी शहर लुटलं. तरी सिवास शहराच्या रस्त्यावरचा सुलतान हान, म्हणजे काफिल्यांसाठीची दगडी सराई, अजून उभा आहे.

पाट्या बघायच्या असतील तर शहराच्या मधोमध किल्ल्यात म्युझियम आहे. बलूनच्या आधी अर्धा दिवस काढा.