कोरलचे तुकडे आणि धानाचे पऱ्हे : एका प्रस्तावाची पार्श्वभूमी

भंडारा जिल्ह्यात साकोलीच्या बाजूला मासे पाळणाऱ्यांचं आमचं एक छोटं मंडळ आहे. मंडळापुढे सध्या प्रस्ताव आहे तो सगळ्यांनी मिळून कोरल, म्हणजे समुद्रातलं प्रवाळ, वाढवायचा. एकाच्या टाकीत वाढलेल्या कोरलचे तुकडे बाकीच्यांनी न्यायचे, आपापल्या घरी जगवायचे, आणि मूळ मालकाचं मेलं तर त्याला त्यातलाच एक परत द्यायचा. बैठकीत हात वर करण्याआधी ही रीत कुठून आली हे सगळ्यांना माहीत असावं, म्हणून हे टिपण.

धानपट्ट्यात ही कल्पना कुणाला समजावून सांगावी लागत नाही. पावसाने दडी मारली, एखाद्याचे पऱ्हे (रोवणीची कोवळी रोपं) जळाले, की तो रोवणीसाठी शेजाऱ्याचे उरलेले पऱ्हे मागून आणतो. पुढच्या साली पाळी शेजाऱ्यावर येते. फरक इतकाच, की पऱ्हे बियाण्यातून येतात, आणि कोरलचा तुकडा म्हणजे तोच मूळ जीव. तोडून दगडाला चिकटवला की तो वाढत जातो. मूळ वसाहत, म्हणजे एकमेकांना जोडून वाढलेल्या जीवांचा झुबका, गेली तरी पाच घरांत तीच जिवंत असते.

तोडलेला प्राणी पुन्हा पूर्ण होतो, हे नीट पाहिलं ते निसर्ग-अभ्यासक अब्राहम ट्रेंबले यांनी. १७४० मध्ये हॉलंडमध्ये त्यांनी डबक्यातला हायड्रा हा चिमुकला प्राणी कापला आणि प्रत्येक तुकड्याचा नवा हायड्रा झालेला पाहिला. हायड्रा आणि कोरल प्राण्यांच्या एकाच मोठ्या गटातले, एकाच संघातले. हा हायड्रा आपल्या बोड्यांमध्येही, म्हणजे शेतातल्या लहान तळ्यांतही आहे. मी बोडीतून हायड्रिला ही पाणवनस्पती आणून टाकीत सोडलं की काही दिवसांनी काचेवर धाग्यासारखे जीव दिसू लागतात. लांबी पाच-सहा मिलिमीटर, टोकाला केसांसारखे हात. बोटाने काचेवर टिचकी मारली की क्षणात आक्रसून टाचणीच्या डोक्याएवढे होतात. मंडळातले बहुतेक जण त्यांना कीड समजून पुसून टाकतात. माझं मागणं आहे, एकदा भिंग घेऊन बघा. कोरलचा एकेक जीव साधारण असाच असतो, फक्त आपल्याभोवती चुनखडीचं घर बांधणारा.

घरच्या टाकीत कोरल टिकवण्याचा इतिहास मात्र ताजा आहे. इंडोनेशियातल्या ली चिन एंग यांनी १९६१ मध्ये आपली पद्धत लिहून प्रसिद्ध केली. समुद्रातले जिवंत दगड, ऊन आणि हवेचे बुडबुडे, एवढ्यावर त्यांच्या टाक्या चालत. १९८० च्या दशकात जर्मन हौशी लोकांनी त्याला स्किमर (पाण्यातला मळ फेसातून काढणारं यंत्र) आणि प्रखर दिव्यांची जोड दिली, ती बर्लिन पद्धत. तिथून पुढे कठीण सांगाड्याचं कोरल घरात जगू लागलं, आणि जगू लागलं तसं विकतही जाऊ लागलं. बराचसा माल इंडोनेशिया आणि फिजीच्या समुद्रातून निघे. १९८५ मध्ये काही आणि १९९० पासून सगळी कठीण कोरलं आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात, म्हणजे निर्यातीला परवाना लागणाऱ्या यादीत, आली. २०१८ मध्ये इंडोनेशियाने निर्यातच थांबवली, आणि पुढे लागवडीच्या कोरलसाठी ती पुन्हा खुली केली. परदेशातले हौशी क्लबही आपसांत तुकडे वाटत आले आहेत. महाग जीव स्वस्तात मिळावा ही इच्छा त्यात होतीच, पण आपल्या हौसेसाठी समुद्र ओरबाडला जाऊ नये ही तळमळही होती. ती मला खरी वाटते.

हेच काम मोठ्या प्रमाणावर फ्लोरिडात झालं. २०१४ मध्ये तिथल्या कोरलवर ऊती झडण्याचा रोग आला, आणि काही वर्षांनी निरोगी वसाहती उचलून अमेरिकाभरच्या मत्स्यालयांत नेऊन ठेवल्या गेल्या. त्यातली काही मत्स्यालयं समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत आहेत. तेव्हा विदर्भात समुद्र नाही, ही काही अडचण नव्हे.

खरी अडचण कायद्याची आहे, आणि तो कायदा योग्य आहे असं माझं मत आहे. तमिळनाडूत तुतिकोरीनजवळ मन्नारच्या आखातात कैक वर्षं चुन्यासाठी कोरल खणून काढलं गेलं. तिथली दोन बेटं पाण्याखाली गेली. २००१ मध्ये सगळं कठीण कोरल, काळं कोरल, अग्निकोरल आणि समुद्रपंखे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घेतले गेले, म्हणजे वाघाच्या पंगतीत. मुख्य वन्यजीव रक्षकांच्या लेखी परवानगीशिवाय ते बाळगणं, विकणं आणि दुसऱ्याला देणंही गुन्हा आहे. फुकट दिलं तरी देणं ते देणंच. शिक्षा तीन ते सात वर्षं कैद, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर दंड किमान २५,००० रुपये. तुकडा टाकीत वाढलेला की खडकावरून तोडलेला, हे नुसतं बघून ओळखता येत नाही. वनखात्याने आपल्या शब्दावर विश्वास ठेवावा, असं आपण म्हणू शकत नाही. म्हणून कठीण कोरलच्या प्रस्तावाला माझा विरोध आहे.

उन्हाळ्याचाही विचार करावा लागेल. कोरलच्या अंगात राहणारं शेवाळ त्याला अन्न पुरवतं. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एक-दोन अंशांनी जास्त काळ तापलं की ते शेवाळ निघून जातं आणि कोरल पांढरं पडतं. टाकीत २५-२६ अंश राखावे लागतात. गेल्या मे महिन्यात दुपारी वीज गेली ती रात्रीच आली. माझ्या खाऱ्या टाकीतला थर्मामीटर ३४ वर गेला होता. बर्फाच्या बाटल्या सोडत बसलो, तरी क्लाउनफिशची जोडी सकाळपर्यंत गेली. तळाशी आडव्या पडलेल्या त्या दोन माशांवरचे पांढरे पट्टे अजून डोळ्यांपुढून हलत नाहीत. तेवढी ऊब सोसणारं कोरल मला माहीत नाही.

पण वाटून जगवण्याची रीत सोडू नये, असं मला मनापासून वाटतं. ती आपल्या तलावांवर आधीपासून चालू आहे. भंडारा-गोंदियातले मालगुजारी तलाव कोहळी समाजाने बांधले. १९५०-५१ मध्ये मालगुजारी (इथली जमीनदारी) गेली, तलाव सरकारकडे आले, पुढे त्यांत रोहू-कटला सोडले गेले, बेशरम हे झुडूप माजलं, आणि पाणवनस्पतींबरोबर मरळ-शिंगी हे इथले मासेही घटले. अलीकडे मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजाच्या बायाबापड्यांनी काही तलावांतली बेशरम उपटली, उन्हाळ्यात तळ नांगरला, आणि पाऊस झाल्यावर चांगल्या तलावातल्या वनस्पती आणून इथे रोवल्या. हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया, अगदी रोवणीसारख्या. ज्या तलावात काही उरलं होतं, त्याने उजाड तलावाला दिलं.

मंडळाची सामाईक लागवड या वनस्पतींपासून व्हावी, असा बदल मी बैठकीत मांडणार आहे. प्रत्येकाने दोन जाती सांभाळाव्यात, कुठल्या बोडीतून कधी आणल्या ते वहीत लिहावं, आणि बाजारातली परदेशी झाडं त्यात मिसळू देऊ नयेत. माझ्या अंगणातल्या टाक्यात व्हॅलिस्नेरिया आहे. तिने आडवे धुमारे टाकलेत, प्रत्येक धुमाऱ्याच्या टोकाला नवं रोप धरलंय. पहिली सहा रोपं ज्यांच्याकडे टाकी रिकामी आहे, त्यांनी न्यावीत.