ईबीव्ही विषाणू आणि हॉजकिन लिम्फोमा

एप्स्टाइन-बार विषाणू (ईबीव्ही) हा हर्पीस कुळातला विषाणू लाळेतून पसरतो. जगातल्या ९० टक्क्यांहून अधिक प्रौढांना त्याची लागण झालेली असते. आपल्याकडे ती बहुधा लहानपणीच, साध्या ताप-घशादुखीच्या आडून होते आणि घरात कुणाला पत्ताही लागत नाही. पुढे हा विषाणू रक्तातल्या बी-लसिकापेशींत (एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींत) जन्मभर दडून राहतो.

डेनिस बर्किट यांनी १९५८ मध्ये युगांडातल्या मुलांच्या जबड्यातील कर्करोगाच्या गाठींचे वर्णन केले. १९६४ मध्ये एप्स्टाइन, अचाँग आणि बार यांना त्याच गाठींच्या पेशींत हा विषाणू दिसला. त्या गाठींमागे विषाणूच्या जोडीला तिथला हिवतापही असतो. हॉजकिन लिम्फोमा या लसिकाग्रंथींच्या कर्करोगाची वाट वेगळी. त्यातल्या रीड-स्टर्नबर्ग पेशी (बिघडलेल्या बी-लसिकापेशी) खरे तर मरायला हव्या होत्या. विषाणूचे एलएमपी-१ हे प्रथिन त्यांना ‘जगत राहा’ असा इशारा देत राहते. पाश्चात्त्य देशांत सुमारे ४० टक्के रुग्णांच्या गाठीत ईबीव्ही सापडतो, भारतातल्या मुलांमध्ये मात्र बहुसंख्यांच्या. तरी लागण झालेल्या लाखोंपैकी मोजक्यांनाच हा आजार होतो. तो स्वतः संसर्गजन्य नाही, त्यामुळे रुग्ण मुलाचे ताट-पेला वेगळे काढणे निरर्थक.

मराठवाड्यात खरी अडचण निदानाची. मानेत न दुखणारी, रबरासारखी घट्ट गाठ आली की आधी लेप, नाहीतर बिब्बा. मग गंडमाळ समजून क्षयाची औषधे. संशय अगदीच चुकीचा नसतो. क्षय इथे कितीतरी जास्त आढळतो, आणि संध्याकाळचा ताप, रात्रीचा घाम, वजन घटणे ही लक्षणे दोन्हींत सारखीच. पण क्षयाचा पुरावा नसताना आणि गाठ कमी होत नसताना गोळ्या चालूच ठेवणे महागात पडते. सुईच्या तपासणीत हॉजकिन हुकू शकतो. शक्य असेल तेव्हा अख्खी गाठ काढून पॅथॉलॉजिस्टकडे पाठवणे उत्तम. छत्रपती संभाजीनगरात घाटी (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय) आणि शासकीय कर्करोग रुग्णालयात या रुग्णांवर उपचार होतात.

गाठीत विषाणू आहे का, हे ‘ईबर’ चाचणीने कळते. रक्तातली ईबीव्हीची प्रतिपिंडे पाहून लिम्फोमा ठरवता येत नाही, कारण ती निरोगी माणसातही असतात. ईबर पॉझिटिव्ह आली तरी नेहमीची केमोथेरपी सहसा तीच राहते, आणि बहुतेक मुले त्यातून बरी होतात.