कायमेरिकल

इंग्रजी विशेषण, उच्चार ‘किमेरिकल’ असाही होतो. अर्थ : वस्तुस्थितीचा आधार नसलेले, केवळ कल्पनेत उभे राहिलेले. योजना, आशा, भीती यांच्यासाठी ते वापरतात आणि त्यात ‘हे घडणे नाही’ असा निवाडाही असतो. कादंबरीतील पात्र म्हणून ‘कायमेरिकल’ ठरत नाही, त्यासाठी ‘फिक्शनल’ हा शब्द आहे. विशेषण इंग्रजीत साधारणतः सतराव्या शतकाच्या पूर्वार्धापासून आढळते. नाम ‘कायमेरा’ त्याहून जुने.

मूळ ग्रीक शब्द ‘खिमाइरा’, म्हणजे शेळी. होमरच्या ‘इलियड’मध्ये (सर्ग ६) पुढे सिंह, मागे सर्प, मध्ये शेळी अशा अग्नी ओकणाऱ्या प्राण्याचे हे नाव असून ग्रीक वीर बेलेरोफोन त्याला मारतो. ग्रीक कवी हेसिअडने त्याला तीन मस्तके दिली आहेत. नावाची व्युत्पत्ती बहुधा हिवाळा या अर्थाच्या ‘खेइमा’शी जोडली जाते : खिमाइरा म्हणजे एक हिवाळा पाहिलेली, वर्षाची शेळी. लॅटिन ‘हिएम्स’ आणि संस्कृत ‘हिम’ याच कुळातले. हिवाळ्यांनी वय मोजण्याची रीत लॅटिन ‘बिमुस’ (दोन वर्षांचा) या शब्दात दिसते, तशीच ऋग्वेदातील ‘शतं हिमाः’ या प्रयोगातही. त्यामुळे ही व्युत्पत्ती पटण्याजोगी आहे.

दुसरा पक्ष नाव आणि कथा दोन्ही स्थळावरून काढतो. लिशियातील (आजचा नैर्ऋत्य तुर्कस्तान) खिमाइरा पर्वतावर अखंड ज्वाला असल्याचे रोमन लेखक प्लिनीने नोंदवले आहे. शिखरावर सिंह, मधल्या चढावर शेळ्या, पायथ्याशी साप, म्हणून हा प्राणी कल्पिला गेला, असे स्पष्टीकरण लॅटिन टीकाकार सर्व्हियस देतो. हा पर्वत म्हणजे चिरालीजवळचे यानारताश असे सामान्यतः मानतात. तेथे खडकांच्या फटींतून निघणारा, मुख्यतः मिथेन असलेला वायू आजही जळताना दिसतो. ज्वालांमुळे कथेला लिशियात ठाव मिळाला असेल. मात्र सर्व्हियसची वाटणी फार नेटकी असून कथेवरून मागाहून बेतलेली दिसते.

विशेषणाचा अर्थ घडण्यात तर्कशास्त्राचा वाटा मोठा आहे. मध्ययुगीन तर्कज्ञ अस्तित्वात असूच न शकणाऱ्या वस्तूचे उदाहरण म्हणून कायमेरा घेत. तत्त्वज्ञ स्पिनोझाने (१६६३) ज्याच्या स्वरूपातच उघड व्याघात (आत्मविरोध) आहे त्याला हे नाव दिले. इंग्रज तत्त्वज्ञ लॉकने मात्र निसर्गात आधार नसलेल्या कल्पनांना ‘कायमेरिकल’ म्हटले. त्याच्या उदाहरणांत अश्वमानव येतो. भारतीय परंपरेच्या भाषेत बोलायचे तर स्पिनोझाचा अर्थ वंध्यापुत्राजवळ (वांझेचा मुलगा, म्हणजे शब्दांतच विरोध) जातो, तर लॉकचा शशशृंगाजवळ (सशाचे शिंग) : ससा खरा, शिंगही खरे, जोड तेवढी खोटी. सिंह, शेळी आणि सर्पाच्या बाबतीतही तेच घडते. म्हणून मराठीत ‘शशशृंगवत्’ हा प्रतिशब्द अधिक नेमका वाटतो. ‘काल्पनिक’ फार व्यापक आहे, आणि मृगजळ निदान डोळ्यांना दिसते तरी.

जीवशास्त्रातील ‘कायमेरा’ प्रत्यक्षात असतो. हान्स विंकलर यांनी १९०७ मध्ये टोमॅटो आणि कामोणी यांच्या कलमातून मिळालेल्या मिश्र वनस्पतीला हे नाव दिले. तेथे वापरायचे विशेषण ‘कायमेरिक’.