जेक्वेरी, डोजो, मूटूल्स... ही टूलकिटं आली कशी, थोडी पार्श्वभूमी

गोव्यात फर्मागुडीला इंजिनिअरिंग करून बाहेर पडलेली पोरं आता कळंगुट-बागाकडच्या हॉटेलांच्या साईट करतात, सुरुवातच रिअ‍ॅक्टने (फेसबुकची टूलकिट) होते, आणि एखादी जुनी साईट दुरुस्तीला आली की कोडमधे सगळीकडे डॉलरचं ($) चिन्ह बघून गोंधळतात. तो जेक्वेरीसारख्या टूलकिटांचा, म्हणजे पानावरची नेहमीची कामं सोपी करणाऱ्या तयार कोडचा. तो डॉलर का आला हे कळायला थोडं मागे जावं लागतं.

जावास्क्रिप्ट, म्हणजे ब्राउझरमधे पान हलतं करणारी भाषा, ब्रेंडन आइकने नेटस्केप या ब्राउझरच्या कंपनीमधे १९९५ च्या मे महिन्यात दहा दिवसांत उभी केली. पुढच्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने स्वतःची जेस्क्रिप्ट आणली. १९९७ ला भाषेचं स्टँडर्ड ठरलं खरं, पण पानावरचं बटण पकडायचं कसं, क्लिक ऐकायचा कसा, यात जो तो आपल्या मनाचा राजा. इंटरनेट एक्सप्लोररला अटॅचइव्हेंट, बाकीच्यांना अ‍ॅडइव्हेंटलिसनर, म्हणजे एकच काम दोनदा लिहायचं. गोव्यात तर हे जास्तच जाचक, कारण हॉटेलचा मालक साईट बघणार ऑफिसातल्या एक्सप्लोरर ६ वर आणि बुकिंग करणारा पाहुणा परदेशात फायरफॉक्स नाहीतर मॅकवरच्या सफारीवर, दोघांनाही चालली पाहिजे.

मग २००४ ला जीमेल आलं, २००५ ला गूगल मॅप्स, पान परत लोड न होता नकाशा सरकतोय हे बघून सगळ्यांना तसंच हवं झालं. त्यामागचं तंत्र मायक्रोसॉफ्टने १९९९ लाच एक्सप्लोरर ५ मधे दिलेलं, वेबवरच्या आउटलुकसाठी. जेसी जेम्स गॅरेटने २००५ च्या फेब्रुवारीत त्याला एजॅक्स नाव दिलं आणि टूलकिटांचा पूर आला. डोजोचं काम आधीच सुरू होतं, सॅम स्टीफन्सनची प्रोटोटाइप त्याच वर्षी आली (तो डॉलर मूळ तिचा बरं का, जेक्वेरीत नोकॉन्फ्लिक्ट नावाची सोय आहे ती यासाठीच, दोन्ही एका पानावर आल्या की भांडायच्या), मग याहूची वायूआय, मग मूटूल्स. आणि २००६ च्या जानेवारीत न्यूयॉर्कच्या बारकॅम्प या मेळाव्यात जॉन रेसिगने जेक्वेरी दाखवली. सीएसएसचा (पानाच्या रंगरूपाची भाषा) सिलेक्टर, म्हणजे पानावरचा भाग दाखवणारी खूण, लिहा, जे सापडेल त्यावर काम करा, ब्राउझरची भांडणं आतल्या आत मिटतात. डिझाइन करणाऱ्यालाही जमेल इतकं सोपं, म्हणून ती जिंकली असं माझं मत. २००८ मधे मायक्रोसॉफ्ट आणि नोकियानेसुद्धा ती घेतली.

पण सोपेपणा एवढंच कारण नाही, लायसन्स बघा. जेक्वेरी एमआयटी लायसन्सखाली मिळायची, कॉपीराइटची ओळ ठेवा आणि वापरा, विका, बदला, कुणाला पैसे द्यायचे नाहीत. साखळी-डिचोलीतल्या एकट्याने काम करणाऱ्या माणसाला हे फार मोठं आहे, ज्याच्याकडे ना वकील ना भांडवल. उलट एक्स्ट जेएस या टूलकिटने २००८ मधे एलजीपीएल हे सैल लायसन्स सोडून जीपीएल हे कडक धरलं, म्हणजे एकतर आपला कोड उघडा करा नाहीतर विकतचं लायसन्स घ्या, आणि त्यावर धंदा उभा केलेले लोक भयंकर चिडले. रिअ‍ॅक्टचंही तेच झालं, फेसबुकने पेटंटचं एक कलम जोडलेलं, २०१७ मधे अपाचे फाउंडेशन या मुक्त सॉफ्टवेअरच्या संस्थेने ते नाकारलं, वर्डप्रेसवाले पण सोडायला निघाले, तेव्हा सप्टेंबरात मुकाट एमआयटी केलं. टूलकिट निवडताना आधी लायसन्सची फाईल वाचा असं मी प्रत्येकाला सांगतो ते यामुळेच.

मधल्या काळात बॅकबोन, अँग्युलर, एंबर, व्ह्यू अशी नवी टूलकिटं येत राहिली आणि याहूने वायूआय २०१४ ला थांबवली. सिलेक्टरने शोधायची सोय तोवर ब्राउझरमधेच आली, क्वेरीसिलेक्टर म्हणून.

मूटूल्सची गोष्ट मात्र सांगायलाच हवी. ती भाषेच्या मूळ अ‍ॅरेलाच (म्हणजे यादीला) स्वतःचं फ्लॅटन, यादीतल्या याद्या सपाट करणारं फंक्शन, जोडायची. २०१८ मधे भाषेच्या समितीने त्याच नावाची सोय आणायचं ठरवलं तर चाचणीतच जुनी साईट मोडली, म्हणून नाव बदलून फ्लॅट केलं आणि २०१९ च्या स्टँडर्डमधे तेच आलं. वेब मोडायचं नाही हा तिथला नियम, म्हणून इथल्या गेस्टहाऊसांच्या जुन्या जेक्वेरीच्या साईट आजही उघडतात. फक्त आतली जेक्वेरी ३.५ च्या आधीची असेल तर लवकर बदला, क्रॉस-साईट स्क्रिप्टिंगचं (परक्याने पानात आपली स्क्रिप्ट घुसवायची) भोक आहे त्यात, २०२० मधे बुजवलेलं.