वार्धक्य व शुश्रूषाविषयक लोकशिक्षण

वार्धक्यात शरीरात व मनात होणारे बदल, त्यांपैकी स्वाभाविक कोणते व आजाराची लक्षणे कोणती, तसेच परावलंबी वृद्धाची घरी देखभाल कशी करावी, यांविषयीची माहिती रुग्णालयाबाहेर, वस्तीतल्या लोकांपर्यंत पोहोचविण्याचे संघटित कार्य. वृद्धांची बहुतांश शुश्रूषा घरचीच माणसे, त्यांतही मुख्यत्वे स्त्रिया करतात आणि या कामाचे शिक्षण त्यांना सहसा मिळालेले नसते. त्यामुळे हे कार्य वैद्यकीय सेवेची पुरवणी नसून तिचे आवश्यक अंग आहे.

उगम : या कार्याचा आरंभ कोठून मानावा, याविषयी एकवाक्यता नाही. एका मतानुसार त्याचे मूळ फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या ‘नोट्स ऑन नर्सिंग’ या पुस्तकात आहे. त्याच्या प्रकाशनाचे वर्ष कोठे १८५९, तर कोठे १८६० असे दिलेले आढळते. हे पुस्तक परिचारिकांसाठी पाठ्यपुस्तक म्हणून लिहिलेले नसून ज्या सामान्य स्त्रियांवर घरातल्यांच्या प्रकृतीची जबाबदारी येते त्यांच्यासाठी आहे, असे लेखिकेनेच प्रस्तावनेत स्पष्ट केले आहे. तथापि त्यात आजारी माणसाचा विचार आहे, वृद्धाचा स्वतंत्रपणे नाही. दुसरे मत जराचिकित्सेकडे, म्हणजे वृद्धांच्या आजारांवरील वैद्यकशाखेकडे, बोट दाखविते. या शाखेला ‘जेरिअॅट्रिक्स’ हे तिचे इंग्रजी नाव डॉक्टर इग्नाट्झ नॅशर यांनी १९०९ मध्ये दिले. पुढे डॉक्टर मार्जरी वॉरेन यांनी १९३५ च्या सुमारास लंडनच्या वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयात वर्षानुवर्षे खाटेवर पडून असलेल्या वृद्धांची तपासणी व वर्गवारी केली आणि योग्य पुनर्वसनाने त्यांतील अनेकांना घरी जाता येते, हे दाखवून दिले. अंथरुणाला खिळणे हे म्हातारपणाचे अटळ फळ नव्हे, हा विचार त्यातून रुजला; पण तो प्रथम डॉक्टरांपर्यंत पोहोचला, कुटुंबांपर्यंत नव्हे. तिसरे मत मेरी वेब्स्टर यांच्या कार्याला महत्त्व देते. आईवडिलांच्या शुश्रूषेसाठी काम सोडावे लागलेल्या वेब्स्टर यांनी १९६३ मध्ये वृत्तपत्रातून आपल्यासारख्या अविवाहित स्त्रियांची स्थिती मांडली आणि १९६५ मध्ये ब्रिटनमध्ये अशा स्त्रियांची संघटना उभी राहिली. शुश्रूषा करणारी व्यक्ती येथे केवळ माहिती घेणारी न राहता ती देणारीही झाली. आजच्या स्वरूपाशी हाच उगम अधिक जुळतो, असे म्हणता येईल.

विस्तार : संयुक्त राष्ट्रांच्या व्हिएन्ना (१९८२) व माद्रिद (२००२) येथील वृद्धत्वविषयक कृतियोजनांमुळे या प्रश्नाला आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली, माद्रिद योजनेत शुश्रूषा करणाऱ्यांना आधार देण्याचा स्वतंत्र विचार आहे. नेदरलँड्समधील लायडन येथे मानसशास्त्रज्ञ बेरे मीसेन यांनी १९९७ मध्ये ‘अल्झायमर कॅफे’ सुरू केला. तेथे स्मृतिभ्रंशाचे रुग्ण, नातेवाईक व तज्ज्ञ एकत्र बसतात. आधी विषयाची मांडणी, मग चहापाणी आणि शेवटी मोकळी चर्चा असा क्रम असतो. जपानने २००५ पासून सुमारे दीड तासाच्या वर्गांतून सामान्य नागरिकांना स्मृतिभ्रंशाची ओळख करून देण्याचा उपक्रम राबविला.

आशय व पद्धती : व्याख्याने व पत्रके सर्वत्र प्रचलित आहेत. खरी कसोटी लागते ती हाताने करावयाच्या कामांत. उदा., अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तीच्या माकडहाडावर किंवा टाचेवर लालसर डाग दिसल्यास तो बोटाने दाबून पाहावयास शिकवितात. दाब काढल्यावरही डाग फिका होत नसेल, तर ती शय्याव्रणाची (सतत पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेची) सुरुवात समजून त्या भागावरील भार ताबडतोब काढावा लागतो. सावळ्या त्वचेवर लाली नीट दिसत नाही, म्हणून तेथे आजूबाजूच्या त्वचेपेक्षा उष्ण किंवा कठीण लागणारी जागा शोधावी लागते. हे वाचून समजत असले, तरी दुसऱ्याच्या देखरेखीखाली एकदा करून पाहिल्याशिवाय अंगवळणी पडत नाही. अकस्मात सुरू झालेला मनाचा गोंधळ हा वयाचा परिणाम मानू नये, त्यामागे जंतुसंसर्ग, निर्जलीभवन किंवा औषधांचा दुष्परिणाम असू शकतो, ही माहिती तर जीव वाचविणारी आहे.

परिणामकारकता : नुसत्या माहितीने शुश्रूषा करणाऱ्याचे ज्ञान वाढते, परंतु त्याच्यावरील ताण फारसा हलका होत नाही, असा निष्कर्ष स्मृतिभ्रंशविषयक अभ्यासांतून वारंवार निघाला आहे. याउलट मेरी मिटलमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यूयॉर्कमध्ये केलेल्या व १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रुग्णाच्या जोडीदाराला व कुटुंबाला समुपदेशन, आधारगट आणि गरज पडेल तेव्हा सल्ला असे एकत्रित साहाय्य देण्यात आले. तेव्हा रुग्णाला शुश्रूषागृहात ठेवण्याची वेळ, मध्यक काढल्यास, ३२९ दिवसांनी लांबल्याचे आढळले. म्हणून माहितीला सराव व सोबत यांची जोड देणारे कार्यक्रम पसंत करावेत, हे मत अधिक ग्राह्य वाटते. जागतिक आरोग्य संघटनेने स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांची शुश्रूषा करणाऱ्यांसाठी २०१९ मध्ये सुरू केलेल्या ‘आय-सपोर्ट’ या पाठांतही वाचनाबरोबर प्रत्यक्ष प्रसंगांवरचे स्वाध्याय आहेत. जी व्यक्ती रुग्णाला एकटे सोडून घराबाहेर पडूच शकत नाही तिच्यापर्यंत मात्र सभा व वर्ग पोहोचत नाहीत. तेथे गृहभेट किंवा दूरध्वनी हाच मार्ग उरतो.